गड्डमांच्या घरातला गुरुवार

दार उघडलं तर उंबऱ्यावर सूप होतं, आणि सुपात बाळ.

सूप विड्या वळायचं होतं. कडांना तंबाखूची भुकटी तशीच चिकटलेली. मधोमध जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं लालसर पोर मुठी आवळून झोपलं होतं. नळाला पाणी यायची वेळ होती. बोळाच्या तोंडाशी घागरींची आदळआपट चालली होती आणि पलीकडच्या शेडमध्ये यंत्रमाग नुकते सुरू झाले होते.

"काय बघालीस गं तिथं?" आतून आत्याबाईंचा आवाज आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"आत्याबाई, बाळ आहे इथं."

"कुणाचं?"

"समोरच्यांचं. राजमणीचं असावं."

"मग उचल की आधी! भुकटी नाकात जाईल त्याच्या."

मी बाळ उचललं. आत्याबाई पदराला हात पुसत दारात आल्या. बाळाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग समोरच्या गड्डमांच्या बंद दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आईनंच आणून ठेवलं असंल," त्या म्हणाल्या.

"आई असं कशाला करेल?"

"नेऊन दे जा," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाचं आधण उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी त्या तशाच समोर बसून होत्या.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही हकिगत. चाळीस वर्षं तरी होऊन गेली. आमचा बोळ अर्धा मराठी, अर्धा तेलुगू. तेलुगू मंडळी पिढ्यान्‌पिढ्या विणकर. पुरुष मागावर जायचे, बायका घरी विड्या वळायच्या. माझं माहेरही त्याच भागातलं, त्यामुळे खेळता खेळता मला तेलुगू आलं. केव्हा आलं ते कळलंही नाही. आत्याबाईंना मात्र त्या भाषेचं वावडं होतं. "त्यांचं ते यंडुगुंडू माझ्यासमोर नको," असं त्या ठणकावून सांगायच्या. गड्डमांच्या घरातल्या सासूबाई नरसम्मा आणि आत्याबाई यांच्यात सांडपाण्यावरून जुनं वैर होतं. नरसम्मांनी अंगण धुतलं की पाणी आमच्या दाराशी यायचं. मग आत्याबाई मराठीत बोलायच्या, नरसम्मा तेलुगूत, आणि एकीचं दुसरीला कळत नसल्यामुळे भांडण कधी हाताबाहेर गेलं नाही, अशी माझी समजूत होती.

माझ्या या तेलुगूमुळेच मी 'गुरुवारच्या' कामात ओढली गेले. पूर्व भागातली एखादी बाई झोप लागत नाही, छातीत धडधडतं, रडू आवरत नाही म्हणून मोठ्या दवाखान्यात गेली की तिचं बोलणं तिथं कुणाला कळायचं नाही. 'पुढच्या वेळी मराठी येणारं माणूस घेऊन या' असं सांगून तिला परत पाठवायचे. तिचा कामाचा दिवस गेलेला असायचा, आणि सोबत येणाऱ्याचाही जायचा. ती पुन्हा कशाला जाते! डॉक्टर वझे तेव्हा तरुण होते, पुण्याकडून नुकतेच आलेले. त्या येत नाहीत तर आपण जायचं, असं त्यांनी ठरवलं. विणकर समाजाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी ते येऊन बसायचे आणि मी त्यांची दुभाषी. पहिल्या खेपेला त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बायका आल्या, खुर्च्यांकडे पाहून हसल्या आणि भिंतीशी जमिनीवर बसल्या. मांडीवर सूप, हातात पानं आणि कात्री. वळता वळता खाली मान घालून बोलायच्या. हात चालू असले की जीभ सैल सुटायची. पुढं डॉक्टरही सतरंजीवर मांडी घालायला शिकले. पण 'मनाचा डॉक्टर' असं कुणी म्हणायचं नाही. 'गुरुवारचं' एवढंच म्हणायच्या सगळ्या.

तो दिवसही गुरुवारच होता.

गड्डमांचं दार मी वाजवायच्या आधीच उघडलं. नरसम्मांनी बाळ माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. घरभर शोधून झालं असावं. त्यांच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"कुठं होता?"

"आमच्या उंबऱ्यावर."

"कुणी पाहिलं?"

हे सगळं बोलणं तेलुगूतलं. इथं मी मराठीत सांगतेय.

"आम्ही दोघींनीच," मी म्हटलं.

आतल्या खोलीत राजमणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेलंगणातल्या सिद्दीपेटकडच्या खेड्यातली पोरगी, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. मराठीचं अक्षर येत नव्हतं. बोळातून जाताना अशी चालायची की पैंजण वाजू नये. आता केस सुटलेले, डोळे तारवटलेले. बाळंत झाल्यापासून ती नीट झोपलीच नव्हती, असं थोरली सून यादम्मा मला दाराआडून हलक्या आवाजात सांगत होती. यादम्माचं स्वतःचं पोर अंगावर पीत होतं आणि आता हे दुसरंही.

"राजमणी, अगं बाळाला बाहेर का ठेवलंस?" मी जवळ बसून विचारलं.

"ना बिड्डा कादू," ती म्हणाली. माझं मूल नाही हे. आवाजात राग नाही, रडू नाही. "माझं त्यांनी नेलं. हे तुमच्याकडचं असेल म्हणून तुम्हाला दिलं."

कोपऱ्यात तिचा भाऊ मल्लेशम पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला निरोप धाडून बोलावलं होतं, आदल्या संध्याकाळीच तो पोचला होता. राजमणीचा नवरा अंबादास खांबाला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"दुपारच्या गाडीने ही माहेरी जाईल," नरसम्मा म्हणाल्या. "बाळ इथं. यादम्माला दूध आहे."

"आणि ही परत कधी येणार?"

नरसम्मांनी मल्लेशमकडे पाहिलं. मल्लेशमने पिशवीकडे.

"बरी झाली की येईल."

"तिथं कोण बरं करणार तिला?"

"तिथं देवी आहे. मंदाक्का, माझी एक मुलगी लग्नाची आहे अजून. घरात असलं काही आहे म्हणून कळलं तर तिला कोण विचारील? आणि आज उंबऱ्यावर ठेवलं, उद्या विहिरीत टाकलं तर? मी काय करू, तू सांग!"

त्यांची भीती खोटी नव्हती. पण ही पोरगी एकदा त्या गाडीत बसली की हे बाळ तिचं राहणार नाही, एवढं तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मल्लेशमलाही.

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. "हॉलवर आणा तिला."

"सगळ्या पेठेसमोर?"

"मग डॉक्टरांना मी इथं घेऊन येते. कुणाला कळणार नाही."

बाळ नरसम्मांच्या खांद्यावर चुळबुळ करत होतं.

"चालत या," शेवटी त्या म्हणाल्या. "पाहुण्यासारखे. मागं-पुढं कुणी नको."

मी हॉलवर धावत गेले. डॉक्टर वझे येऊन नुकतेच पाय धूत होते. मी सांगितलेलं ऐकून त्यांनी पाय न पुसताच चपला घातल्या.

"हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, मंदाताई. थोड्याजणींना होतो, पण होतो. आणि बराही होतो, अगदी पूर्ण बरा होतो. पण आत्ता दोघांच्याही जिवाला धोका आहे. चला, जीपमधून जाऊ."

"चालत जायचं कबूल केलंय मी."

"वेळ किती जाईल! बोळाच्या तोंडाशी उतरू की."

इथं जे झालं ते सोलापुरात त्या काळातच होऊ शकलं असतं. दवाखान्याची ती सरकारी जीप जुनी होती. काही वर्षांपूर्वी तिच्यावर भोंगा लावून नसबंदीच्या शिबिराला माणसं गोळा करत फिरवलेली. वरून रंग मारला होता, पण उन्हात खालची अक्षरं अजून दिसायची. हॉलवर ती नेहमी मागच्या अंगाला उभी असायची म्हणून कधी प्रश्न आला नव्हता. आज ड्रायव्हरने बोळाशी वेग कमी केला, मान वाकवून आत पाहिलं आणि मोठ्या हौसेने म्हणाला, "जाते की बाई आत! तुम्ही कशाला उन्हातान्हात चालता?"

मी नको नको म्हणेपर्यंत जीप बोळात शिरली.

"आले रे, आले!" कुणीतरी ओरडलं.

शेडमधला खडखडाट एकाएकी थांबला. मागच्या खिडकीतून माणसं पटापट उड्या टाकू लागली. एकाचं धोतर खिडकीच्या कडीला अडकून तिथंच राहिलं, तो तसाच पळाला. एकजण सूत भिजवायच्या हौदात जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही, असं नंतर कळलं. पोरं जीपमागे धावत होती. प्रत्येक दारात बाई. आणि ती जीप, घरघरत, धूर सोडत, बरोबर गड्डमांच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार फट्‌दिशी मिटलं. आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी पुढं होऊन कडी वाजवली. "हे पाहा, आपण जरा सहकार्य करावं. घाबरण्याचं काहीही कारण नाही." मी ते तेलुगूत सांगितलं. आत सामसूम. मग नरसम्मांचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"मंदाक्का, तुला चालत या म्हटलं होतं."

"चुकलं, नरसम्मा. पण डॉक्टर आलेत. एकदा बघू तर द्या."

"आमच्यात आजारी कुणी नाही. पाहुणे गाडीला निघालेत. वाट मोकळी करा."

डॉक्टर जीपच्या पायरीवर बसले. चेहरा उतरलेला. "सगळं बिघडवलं मी," एवढंच म्हणाले. दुपारच्या गाडीला फार वेळ उरला नव्हता. आत मल्लेशमच्या चपलांचा आवाज येत होता.

आणि तेवढ्यात आमच्या दारातून आत्याबाई बाहेर आल्या. मला वाटलं, माझ्यावर बरसणार. सकाळपासून चूल नाही, पोळ्या नाहीत. पण त्या सरळ ड्रायव्हरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणाची वरात आणलायस रं?"

"मावशी, डॉक्टरसाहेब..."

"डॉक्टरला पाय न्हाईत व्हय? काढ आधी हे धूड भाईर!" मग बोळाकडे वळून, "आन्‌ तुम्ही काय बघालाव? तमाशा हाय का इथं? नळ जाईल आता, मग बसा बोंबलत!"

बायका घागरींकडे वळल्या. जीप मागे घेताना दोनदा भिंतीला घासली. पोरांनी 'घ्या, घ्या, अजून घ्या' करत तिला बोळाबाहेर काढलं. डॉक्टर उठून उभे राहिले होते. त्यांच्याकडे आत्याबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी आमच्या वसरीवर बसा. बोलावलं की या. आन्‌ आलं की ते 'सहकार्य' फिहकार्य करू नका."

मग त्या गड्डमांच्या दाराशी गेल्या आणि तळहाताने दारावर थाप मारली.

"नरसम्मा! तलुपु तिय्यि!"

दार उघड. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. पण मी त्या घरात सून होऊन आल्यापासून त्या बाईच्या तोंडून तेलुगूचा शब्द ऐकला नव्हता.

दार बोटभर उघडलं. फटीतून नरसम्मांचा एक डोळा दिसला. तोही माझ्यासारखाच विस्फारलेला.

"तुम्हाला येतं?"

"कान हायत मला," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या समोर राहून म्हातारी झाले मी."

"म्हणजे सांडपाण्यावरून मी जे बोलायचे ते..."

"सगळं. मला म्हैस म्हणाली होतीस ते पण. सरक आता."

आम्ही दोघी आत गेलो. राजमणी जाण्यासाठी तयार होती. केस कुणीतरी विंचरून घट्ट बांधले होते, अंगावर धुवट साडी. मल्लेशम उभा होता. आत्याबाई जमिनीवर बसल्या आणि शेजारची जमीन थोपटून म्हणाल्या, "कूर्चो." नरसम्मा बसल्या. त्यांच्या मांडीवर बाळ होतं.

आत्याबाईंचं तेलुगू ओबडधोबड होतं. मध्येच मराठी क्रियापदं यायची, कुठं शब्द अडला तर हाताने दाखवायच्या. पण कुणी हसलं नाही.

"ही काय म्हणती? पोर माझं न्हाई म्हणती?"

"हो."

"मी बी म्हणले होते."

नरसम्मांना कळलं नाही. मलाही नाही.

"माझ्या पहिल्या वक्ताला. सुईणीनं माझं नेलं आन्‌ दुसरंच ठेवलं, असं मला वाटायचं. तिच्या अंगावर धावून गेले होते. रात-रात जागी. पोराला हात लावायला सांगितलं की किंचाळायचे. माझी सासू वाईट न्हवती. तुझ्यासारखीच होती, भेदरलेली. तिनं माझ्या भावाला बोलावलं. पोर ठेवलं थोरल्या जावंजवळ. तिला बी दूध होतं."

यादम्मा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"माहेरी मला देवळात नेऊन बसवलं. बांधून ठेवायचे. किती दिवस ते ठावं न्हाई. कुणी औषध दिलं न्हाई, कारण असलं गुरुवारचं तेव्हा कुटं होतं? आपसूक निवळलं. एक दिवस सकाळी उठले, आन्‌ मला माझं पोर आठवलं. बसल्या जागी रडाय लागले. दूध कवाच आटलं होतं."

"मग?" नरसम्मांनी विचारलं.

"मग आले. तो चालायला लागला होता. मी हात पुढं केला तर जावंच्या पदरामागं लपला."

"आणि मग?"

"मग काय. अजून तिथंच हाय."

बाहेर शेडमध्ये एकेक माग परत सुरू होत होता.

माझे यजमान आत्याबाईंना 'वैनी' म्हणायचे आणि थोरल्या काकूला, म्हणजे त्याच जावेला, 'आई'. एकत्र घरात पोरं ऐकतात तसं म्हणतात, असं मी धरून चालले होते. माझ्या माहेरीही तसंच होतं. ते आत्याबाईंशी नेहमी नीट बोलायचे, पगार झाला की आणून द्यायचे, दुखलं-खुपलं विचारायचे. परक्या बाईशी वागावं तसे. आणि त्या कधी त्यांच्यावर ओरडायच्या नाहीत. जगावर ओरडायच्या, पण त्यांच्यावर नाही. हे त्या क्षणापर्यंत मला कधी खटकलं नव्हतं.

नरसम्मा बाळाकडे बघत होत्या. "पण हिने काही केलं तर याचं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला तीच भीती आहे, वदिना." वदिना म्हणजे वहिनी. आत्याबाईंना त्यांनी अशी हाक पहिल्यांदाच मारली.

"भीती बरोबर हाय तुझी. एकटीजवळ देऊ नको. यादम्मा पाजू दे. पण घरातून हलवू नको कुणाला. हिच्या डोळ्यांम्होरं राहू दे ते. तिला आठवंल तवा ते तिथं असलं पायजे."

मल्लेशमने पिशवी खाली ठेवली. तोंड फिरवून तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. अंबादास पहिल्यांदाच बोलला. "अम्मा, नको पाठवू," एवढंच.

नरसम्मांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलाव त्यांना," म्हणाल्या.

डॉक्टर चालत आले. चपला बाहेर काढल्या, येऊन जमिनीवर बसले. त्यांनी राजमणीला बरेच प्रश्न विचारले, मी तेलुगूत विचारत गेले. त्यांनी तिची नाडी पाहिली, ताप पाहिला. मग घरच्यांना समजावून सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत. हा वेडेपणा नाही. बाळंतपणात जसा ताप येतो तसा हा एक आजार आहे. औषधाने झोप लागेल, झोप लागली की डोकं थाऱ्यावर येऊ लागेल. मी रोज येईन. चार-दोन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, पण तेव्हा सोबत मंदाताई असतील आणि तुमच्यातलंही कुणी असेल. तोवर तिच्याजवळ सतत कुणीतरी जागं पाहिजे, आणि बाळ तिच्या नजरेसमोर, पण दुसरीच्या हातात.

"आत्याबाईंनी हेच सांगितलं आत्ता," मी म्हटलं.

"मग मी कशाला आलो?" डॉक्टर म्हणाले.

"गोळ्या द्यायला," आत्याबाई मराठीत म्हणाल्या. "त्या माझ्याजवळ न्हाईत."

दुपारच्या गाडीने मल्लेशम एकटाच गेला.

घरी येताना बोळाच्या मधोमध आत्याबाई थांबल्या. नरसम्मांच्या अंगणातलं पाणी वाहत आलं होतं, त्यातून पाय उचलून त्या म्हणाल्या, "मंदे, त्याला काही बोलू नकोस."

"बरं."

"थोरलीला आई म्हणतो ते बराबर हाय. तिनंच केलंय सगळं."

माझे यजमान गेले तोवर मी ही गोष्ट घरात काढली नाही. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आता दोघंही नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस गड्डमांच्या आतल्या खोलीत पाळीपाळीने बायका बसल्या. कुणी विड्यांचं सूप घेऊन, कुणी भाजी निवडायला घेऊन. तेलुगू घरातल्या तशा मराठी घरातल्याही. जीप एकदा सगळ्यांना दिसून गेलीच होती, लपवायचं काही उरलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे लपवायचं उरलं नाही म्हणूनच बायका मदतीला येऊ शकल्या. एकजण म्हणाली, माझ्या मावशीला असंच झालं होतं. दुसरीने जावेचं सांगितलं. हॉलमध्ये जे गुरुवारी बोललं जायचं, ते आता त्या खोलीत रोज बोललं जाऊ लागलं. आत्याबाई दुपारची पाळी कुणाला देत नसत. तांदूळ निवडत बसायच्या. राजमणीशी फारसं बोलत नव्हत्या. ती झोपली की तिच्यावरच्या माश्या हाकायच्या. नरसम्मांशी सांडपाण्याचं भांडण मात्र पुन्हा सुरू झालं, फक्त आता तेलुगूत. त्यामुळे ते जास्त रंगायचं.

राजमणी आधी झोपू लागली. मग जेवू लागली. मग एक दिवस तिने आज वार कोणता म्हणून विचारलं. एका दुपारी यादम्माच्या मांडीवर बाळ कशाने तरी कळवळून रडलं, तेव्हा हिने मान वळवून पाहिलं. आत्याबाई तांदळात बोटं तशीच ठेवून श्वास रोखून बसल्या होत्या, असं यादम्माने मला सांगितलं. त्या दिवशी राजमणी नुसतं पाहून परत भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी मात्र वळली नाही.

पाळण्याचा समारंभ लांबला होता. तो पुढं थंडीच्या सुरुवातीला झाला. नरसम्मांनी दाराला आंब्याची पानं बांधली, पाळण्याला रंगीत सुताचे गोंडे लावले, आणि आत्याबाईंना स्वतः येऊन हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. नरसम्मांच्या मुलीसाठी कुणाकडून तरी विचारणा आली होती आणि ती माणसंही आली होती. डॉक्टर वझे बाहेर पुरुषांत बसले होते. जीप त्यांनी हॉलवरच ठेवली होती.

सोलापुरात राहून तेलुगू घरांतही आमच्याकडची चाल पडली होती. पाळण्याच्या एका अंगाला एक सवाष्ण, दुसऱ्या अंगाला दुसरी. बाळाला पाळण्याखालून द्यायचं, वरून घ्यायचं. त्या बाजूला यादम्मा उभी होती, या बाजूला मी. राजमणी समोर पाटावर बसली होती, नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. अजून जराशी सुकलेलीच. बाळ चांगलं गुटगुटीत झालं होतं, पण मान काही अजून धरत नव्हतं. यादम्माने ते पाळण्याखालून पुढं केलं. मी दोन लेकरांची आई, पोरं धरायची सवय असलेली बाई. मी वाकून ते घेतलं आणि बायकांकडे बघून हसत उभी राहिले.

"मान! मान धरा!"

मराठीतले शब्द. आधी मला कळेचना कोण बोललं. राजमणी पाटावरून उठली होती. ती तरातरा पुढं आली, पदराचा गोंधळ, गजरा सुटतोय, इकडं तिचं लक्ष नाही.

"असं नाही धरायचं," ती मला रागावून म्हणाली, ते मात्र तेलुगूत. "त्याला दुखतं तसं. माझ्याकडे द्या."

मी बावरून नरसम्मांकडे पाहिलं. मग आत्याबाईंकडे. त्या भिंतीशी बसल्या होत्या, कुंकवाने माखलेलं कपाळ, हातात कुणीतरी दिलेला प्रसाद. तो त्यांनी खाली ठेवला.

"माझ्याकडं काय बघालीस, मंदे?" त्या म्हणाल्या. "देऊन टाक. तिचं हाय ते."